मदत हवी आहे: टँकर लागणारी गावं आधीच ओळखता येतील का?

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर येतात, पण उशिरा. कोणत्या गावाला पाणी कमी पडणार याचा अंदाज जानेवारीतच बांधता यावा, म्हणून मी जुन्या नोंदींवरून शिकणारं एक संगणकीय मॉडेल तयार करतोय. महसूल मंडळनिहाय पाऊस, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी आणि जुन्या टँकरच्या याद्या, एवढा डेटा हाताशी आहे.

गावांची नावं प्रत्येक यादीत वेगळी लिहिलेली आहेत. ती २०११च्या जनगणनेतल्या गाव-कोडला जोडायची सोपी पद्धत कुणाकडे आहे का? शिवाय आपला खडक बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ; त्यात पाणी भेगा-फटींतच साठतं. एका विहिरीला पाणी असतं आणि शेजारची कोरडी, मग एका निरीक्षण विहिरीवरून आसपासच्या गावांचा अंदाज कितपत धरावा?

सगळ्यात जास्त काळजी वेगळीच आहे. टँकर मागणी केल्यावर मिळतो. ज्या वाडीचा प्रस्ताव तहसीलपर्यंत पोचलाच नाही, ती माझ्या डेटात ‘टंचाई नाही’ अशी दिसते. मॉडेल तेच शिकलं तर त्या वाड्या पुन्हा सुटतील, आणि ते मला अजिबात नकोय. हा पूर्वग्रह कसा काढायचा? भूजलावर किंवा अशा अपुऱ्या नोंदींवर काम केलेल्यांनी कृपया सांगा.