गिटारवर एफ कॉर्ड वाजत नाही? आधी नट तपासा
बरेच जण सांगतात की एफची बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून वाजवायची कॉर्ड) बसत नसेल तर बोटं कडक होईपर्यंत रियाज करा. रियाज हवाच हो, पण स्वस्तातल्या गिटारवर पुष्कळदा दोष बोटांचा नसतोच, नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) खाचा उथळ असतात आणि पहिल्या फ्रेटपाशी (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी पहिलीपाशी) तारा उगाच उंच राहतात. तपासायचं कसं, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर फट बघा, जेमतेम कागद जाईल एवढीच हवी. बोटांचा तोच एफचा आकार पाचव्या फ्रेटवर (म्हणजे ए मेजर) खणखणीत वाजतोय आणि पहिल्यावर ठप्प आवाज येतोय, तर संशय नटवरच घ्या.

मी खाचा दुरुस्तीवाल्याकडून बारीक कानशीने घासून घेतल्या आणि १२ च्या जागी १० च्या, म्हणजे बारीक, तारा टाकल्या, फरक लगेच कळला. घरी मात्र घासायला जाऊ नका, खाच जास्त खोल गेली की मोकळी तार फ्रेटवर खडखडते. तोवर जुगाड म्हणजे सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा) लावायचा, सूर तोच राहतो आणि नटची कटकट संपते. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा अजून वर येतात हे कोकण-मुंबईवाल्यांनी वेगळं धरा.