बागेतल्या नेपाळी राखणदाराला ग्रामपंचायतीचं मत असावं का?

कातळमाळ:
राजापूर-देवगड पट्ट्यात आंब्याच्या कलमांच्या राखणीला आणि ट्रॉलरवर खलाशी म्हणून नेपाळी माणसं वर्षानुवर्षं आहेत. काहींचं बिऱ्हाड वाडीतच आहे, मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. पाणी, पाखाडी (वाडीतली बांधीव पायवाट), दिवाबत्तीचे निर्णय त्यांनाही लागू होतात. लोकसभेचं राहू दे, निदान ग्रामपंचायतीला त्यांना मत असावं असं मला मनापासून वाटतं. कायदा नेमका कुठे अडवतो? आणि आधार कार्ड आहे म्हणून काहीजण त्यांचे नमुना ६ (मतदार यादीत नाव घालायचा अर्ज) भरून घेतायत, ते चालतं का?

सडाखाडी:
शेवटचं आधी, कारण त्यात गरीब माणूस गोत्यात येईल. नमुना ६ अजिबात भरू नका. त्यात भारताचा नागरिक असल्याचं प्रतिज्ञापन असतं. आधार रहिवाशाला मिळतं, म्हणजे अर्जाआधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेल्याला. तो नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलंय. खोट्या प्रतिज्ञापनाला लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सही राखणदाराची, त्यामुळे अडकतो तोच. पुढे नागरिकत्वाचा अर्ज केला तर चांगल्या वर्तणुकीच्या अटीतही हे आडवं येईल.

आता कायदा. संविधानाचा अनुच्छेद ३२६ लोकसभा-विधानसभेचं मत नागरिकालाच देतो. पंचायतींचा त्यात उल्लेख नाही. पण आपल्या महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे गावासाठी वेगळी यादी बनत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. म्हणजे अडचण राज्याच्या कायद्यात आहे. तुमची मागणी असेल तर ती विधिमंडळाकडे, स्थानिक निवडणुकीपुरत्या वेगळ्या यादीची.

वेळणेश्वरी:
माझा विरोध आहे. १९५० च्या भारत-नेपाळ करारात राहणं, मालमत्ता, व्यापार, ये-जा यांची मुभा आहे, मताची नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे राखणदाराचं छप्पर आणि पगार दोन्ही बागायतदाराच्या हातात. छोट्या प्रभागात पाच-दहा मतांनी निकाल फिरतो. तिथे हे मत राखणदाराचं राहणार नाही, मालकाचं होईल. आणि यादी आधीच बिघडलेली आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० चं कलम २० सांगतं की नुसतं घर मालकीचं असल्याने माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, तरी गणपती-शिमग्यापुरती उघडणारी किती घरं यादीत असतात ते बघा.

सडाखाडी:
मालकाच्या दबावाचा मुद्दा खरा आहे, पण तो भारतीय मजुरालाही लागू होतो आणि त्याचं मत आपण काढत नाही. स्वीडनमध्ये ३ वर्षं, नेदरलँड्समध्ये ५ वर्षं राहिलेल्या परदेशी रहिवाशाला स्थानिक निवडणुकीत मत आहे. ब्रिटनमध्ये राहणारा भारतीय नागरिक तर तिथल्या संसदेलाही मत देतो. इथे ५ वर्षांची अट घालावी असं माझं मत.

तोवर बहुतेकांना रस्ता एकच, नागरिकत्व कायदा १९५५ चं कलम ६. अर्जाआधी सलग १२ महिने भारतात वास्तव्य, आणि त्याआधीच्या १४ वर्षांत मिळून ११ वर्षं. खलाशी दरवर्षी जून-जुलैच्या मासेमारीबंदीत गावी जात असेल, तर १४ वर्षांत १४० महिने भरतात, म्हणजे ११ वर्षं ८ महिने. ते पुरतं. पण शेवटच्या वर्षी तो गेला की सलगता तुटते, अर्ज तिथेच पडतो. नोव्हेंबर ते मे राखण करणाऱ्याचे ९८च महिने होतात, त्याचं जमणारच नाही. भाषेची अडचण नाही, संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा यावी लागते आणि नेपाळीही त्या यादीत आहे. पुराव्याची मात्र आहे. व्हिसाचे शिक्के नसतात, म्हणून बँकेचं पासबुक, भाडेकरार, मुलांचे शाळेचे दाखले पहिल्या वर्षापासून जपायला सांगा.

कातळमाळ:
इथे जन्मलेल्या मुलांचं काय?

सडाखाडी:
३ डिसेंबर २००४ किंवा त्यानंतरचा जन्म आणि आईबाप दोघंही नेपाळी नागरिक, तर जन्माने नागरिकत्व नाही. एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसेल, तर मूल नागरिकच. अशा मुलाचा नमुना ६ अठरा पुरे झाल्यावर बिनधास्त भरा, सोबत जन्मदाखला आणि भारतीय पालकाच्या नागरिकत्वाचे कागद तयार ठेवा.