दाबाची एकसमान वाढ कुठवर पुरते?

विमानाला सरळ वर उचलण्यासाठी पंखांत बसवलेल्या फॅनमधून जाणाऱ्या हवेची संगणकावर गणना करताना, फॅनच्या जागी पातळ चकती धरून तिच्यावर दाबाची एकसमान वाढ दिली की काम भागते, असे एक म्हणणे आहे. विमान हवेत एका जागी स्थिर असेपर्यंत ते बऱ्याच अंशी खरे आहे. ते पुढे सरकू लागले की हे गृहीतक डळमळते. १९६४ साली प्रथम उडालेल्या रायन एक्सव्ही-५ए या विमानाच्या दोन्ही पंखांत सुमारे दीड मीटर व्यासाचे फॅन आडवे बसवलेले होते. अशा फॅनमध्ये शिरताना समोरून येणाऱ्या हवेला जवळपास काटकोनात वळावे लागते. त्यात तिचा आडवा संवेग (वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार) जातो, विमानावर वेगाबरोबर वाढणारा ड्रॅग, म्हणजे मागे ओढणारे बल, येतो आणि नाक वर उचलणारा आघूर्ण, म्हणजे विमान फिरवू पाहणारा जोर, हाही निर्माण होतो. त्याच वेळी फॅनच्या प्रवेशमुखाच्या पुढच्या कडेवर प्रवाह विलग झाला, म्हणजे पृष्ठभाग सोडून सुटला, तर फॅनच्या त्या भागातील पात्यांना मंद आणि विस्कळीत हवा मिळते, म्हणजे दाब एकसमान राहतच नाही. खालचा झोत मागे वाकल्यावर त्याच्यामागे पंखाखाली कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तो वेगळाच.

म्हणून पात्यांवरील स्थानिक आपतन कोनानुसार (हवा पात्यावर ज्या कोनात येते त्यानुसार) बल बदलणारी चकती वापरून विमानाचे सर्व वेग आधी स्थिर गणनेने, म्हणजे प्रवाह काळानुसार बदलत नाही असे धरून, तपासावेत आणि जिथे विलगता दिसेल तेवढ्याच वेगांसाठी सरकत्या जाळीची (पात्यांभोवतीची गणनेची जाळी पात्यांबरोबर फिरवणारी) खर्चिक, कालावलंबी गणना करावी. फॅनखालच्या झडपा मात्र प्रत्यक्ष भूमितीसह घ्याव्यात, कारण झोत मागे वळवून विमानाला पुढे ढकलण्याचे काम त्याच करतात.