फोटो कॉपी व्हायला वेळ लागतो, त्यात कार्डाचा काय दोष?

शटरवाला:
'फोटो कॉम्प्युटरवर घ्यायला तास लागतो म्हणणाऱ्यांनी स्वस्तातली मेमरी कार्डं फेकून द्यावीत', अशी पोस्ट काल इथे पडली आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. मला राग आला. ती वाचून उद्या एखादा नवखा पोरगा उसने पैसे काढून महागडं कार्ड घेईल, कॅमेऱ्याला केबल लावेल आणि त्याला वेग तोच मिळेल.

अडतं ते कॅमेऱ्याच्या पोर्टात, म्हणजे केबल लावतो त्या खाचेत. कॅनन १५००डी, निकॉन डी५६००, दोन्हींत यूएसबी २.०, म्हणजे जुनी, संथ पिढी. कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. हातात पडतात फार तर तीस-पस्तीस. वर कॅमेऱ्याचा प्रोसेसर एकेक फाइल मागितली की देणार. भरलेलं ६४ जीबीचं कार्ड म्हणजे अर्धा तास गेलाच. तेच कार्ड काढून यूएसबी ३ च्या रीडरमध्ये, म्हणजे कार्ड थेट कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्रात घाला, ९० एमबीने बारा मिनिटांत मोकळे. यूएसबी ३.० आलं २००८ मध्ये. कॅनन आर५० आला २०२३ मध्ये, टाइप-सी पोर्ट घेऊन, आणि आत २.०! यावर कोणी का बोलत नाही?

सांगलीकर:
रीडरचं कौतुक पुरे. हळदीच्या गडबडीत आमच्या असिस्टंटच्या खिशातून कार्ड पडलं. नवरीच्या मामाला मांडवातल्या सतरंजीखाली सापडलं, म्हणून अब्रू वाचली. तेव्हापासून आमच्याकडे कार्ड कॅमेऱ्यातून निघत नाही. अर्धा तास लागतो तर लागू दे. शिवाय सारखं काढघाल करून पिना वाकतात, स्लॉट बदलायचा खर्च तुम्ही देणार का?

शटरवाला:
दादा, पिना वाकायच्या त्या जुन्या जाड सीएफ कार्डाच्या स्लॉटमध्ये. आपल्या कॅमेऱ्यांतल्या एसडी कार्डाला सपाट पट्ट्या असतात. कार्ड हरवतं ते खिशात टाकल्यामुळे, डबी वापरा.

मंजिरी:
दोघेही लॅपटॉपकडे बघत नाही आहात. माझ्याकडे रीडर यूएसबी ३ चा, कार्डही चांगलं, तरी कॉपी सुरुवातीला पळायची आणि मग रांगायची. मी थेट बाहेरच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर टाकत होते आणि तिचीच लिहायची गती कमी पडत होती. आधी लॅपटॉपच्या एसएसडीवर, म्हणजे आतल्या वेगवान डिस्कवर घेतलं, मग निवांत डिस्कवर टाकलं, तर कार्ड लगेच मोकळं झालं. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासत बसतो, तो वेळ वेगळाच.

जुनारोल:
मुळात एवढं भरता कशाला? आम्ही ३६ फ्रेमच्या रोलवर लग्नं काढली. मुहूर्ताच्या अक्षता एका फ्रेममध्ये यायच्या. आता पोरं बटण दाबून धरतात, एका घासाचे वीस फोटो, तेही रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, मोठी फाइल) आणि जेपीईजी (दाबून लहान केलेली) दोन्ही. घरी येऊन म्हणायचं, कॉपी हळू होते. फोटो कमी काढा, हा धागाच नको.

मंजिरी:
काका, राग येईल असं बोललात. हॉलमध्ये जांभळे एलईडी लावतात, नवरी हळदीने पिवळी, वर व्हिडिओवाल्याचा पांढरा झोत. जेपीईजीत एकदा चेहरा जांभळा गेला की नंतर कितीही ओढा, कातडीचा रंग परत येत नाही. रॉ नसेल तर पैसे परत मागतात लोक. आणि वीस फोटो अशासाठी, की आजीचे डोळे एकातच उघडे असतात.

जुनारोल:
आजीला सांगायचं, इकडे बघ. आम्ही सांगत होतो. फोटोग्राफरने माणसांशी बोलणं सोडलंय, हे माझं दुखणं आहे.

सांगलीकर:
काकांशी मी सहमत. गिऱ्हाईकही बिघडलंय. 'सगळे फोटो द्या' म्हणून पेनड्राइव्ह पुढे करतात, मग ते उघडूनही बघत नाहीत.

शटरवाला:
धागा कुठे चाललाय? फोटो किती काढायचे हे ज्याचं त्याने ठरवावं. शंभर काढले तरी ते २.० च्या पोर्टातून तेवढ्याच संथपणे येणार. कंपनीने वीस वर्षांहून जुना पोर्ट द्यायचा आणि आपण एकमेकांना शिकवायचं, कमी काढा?

जुनारोल:
आवाज चढवू नका. पोर्टचं तुमचं खरं असेल. फोटोंचं माझंही खरं आहे.

मंजिरी:
पोर्टचं खरं असेल नाही काका, आहेच. तुमच्यासाठी एवढं मान्य करते, की रॉ आणि जेपीईजी दोन्ही काढायची गरज नसते. आर५० सारख्या कॅमेऱ्यात सी-रॉ, म्हणजे दाबून लहान केलेली रॉ आहे, फाइल जवळपास निम्मी होते. मी हॉलमध्ये तेच वापरते.

सांगलीकर:
बरं, रीडर आणतो. पण स्टुडिओत टेबलावर बसूनच कार्ड काढणार, मांडवात नाही. आणि कट-पेस्ट कोणी सुचवू नका. मध्येच लाइट गेली तर मूळ फोटोही जायची भीती.

शटरवाला:
कट-पेस्ट मी कधीच सांगणार नाही. कॉपी करा, दुसऱ्या डिस्कवर टाका, दोन्हीकडे उघडून बघा, मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारा. रीडर घेताना पाकिटावर यूएसबी ३ लिहिलंय का बघा. कार्ड साधं यूएचएस-१ (एसडी कार्डाच्या वेगाचा एक वर्ग) असेल तर सेकंदाला १०४ एमबी ही त्याची ठरलेली मर्यादा, कार्डावर छापलेला १७० चा आकडा खास रीडरशिवाय मिळत नाही. आणि रीडर लावाल तो लॅपटॉपच्या निळ्या पट्टीच्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात, नाहीतर पुन्हा इथे येऊन मलाच बोलाल.