काजवे, गाड्या आणि पॅकेजचा पैसा

भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर काजवे बघायला गर्दी लोटते, तो काजवा महोत्सव बंदच करा असं एकाचं म्हणणं, त्यावर लगेच दुसऱ्याचं, मग गावाने खायचं काय. बंदी मलाही नको, पण पैसा जातो कुठे ते कोणीच बोलत नाहीये. घाटघर, उडदावणे, पांजरे ही भंडारदऱ्याकडची गावं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातली, सीझन मे अखेर ते जूनमधला पाऊस जोर धरेपर्यंत, आणि शनिवारी रात्री त्या चिंचोळ्या रस्त्यावर गाड्यांची ही रांग. पॅकेज बुक होतं पुण्या-मुंबईत, बरीचशी मलई तिथेच राहते, गावाला मिळतं पिठलं-भाकरीचं आणि तंबूच्या जागेचं भाडं. रिकाम्या बाटल्या मात्र सगळ्याच्या सगळ्या गावाच्या वाट्याला!

बरं, नर चमकतो तो मादीला बोलवायला, आपल्या रीलसाठी नाही हो. एका गाडीने हाय बीम मारला की काजव्यांनी लुकलुकणारं सादड्याचं अख्खं झाड गप्प होतं, बाहेर आलेला काजवा जगतो जेमतेम काही आठवडे, त्यातले वीकेंड असे गेले तर जोडी जमणार कधी आणि अंडी घालणार कधी? अळ्या ओल्या पालापाचोळ्यात गोगलगायी खात वाढतात, नेमकं तिथेच आपलं पार्किंग.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या सीझनमध्ये ऑनलाइन बुकिंग, रोजच्या माणसांवर मर्यादा आणि आसपासच्या गावांची समिती आहे, कुरबुरी तिथेही आहेतच, पण तिकिटाचा पैसा निदान तिथल्या पोरांच्या हाताला काम देतो. इथेही गाड्या लांब फाट्यावर थांबवून पुढे गावच्याच जीपने नेलं तर काय बिघडतं?