उत्तर: दुसरा गाल आणि रात्री घरात शिरलेला चोर

येशूने सांगितल्याप्रमाणे दुसरा गाल पुढे करायचा, तर ख्रिस्ती माणसाने घरात शिरलेल्या चोरालाही अडवू नये का, असा प्रश्न आहे. बायबलमध्ये मत्तय ५:३९ मध्ये, उजव्या गालावर मारलं तर दुसराही पुढे कर असं सांगताना, ‘उजवा’ हा शब्द मुद्दाम आहे. समोरच्याने उजव्या हाताने उजव्या गालावर मारायचं तर हात उलटा करूनच मारावं लागतं. ती जिवावरची मारहाण नाही, अपमान आहे. मिश्नामध्ये, म्हणजे यहुदी कायद्याच्या जुन्या संग्रहात, साध्या थपडेला २०० झूझ (चांदीची नाणी) दंड, उलट्या हाताच्या थपडेला ४००! म्हणजे इथे अपमानाचा सूड घेऊ नको असं सांगितलंय.

चोराबद्दल बायबलच्या जुन्या करारातलं निर्गम २२:२-३ पाहा. रात्री घर फोडताना तो मारला गेला तर रक्तपाताचा दोष नाही. सूर्य उगवल्यावर मारला तर आहे. अंधारात त्याचा हेतू कळत नाही, उजेडात हाका मारून माणसं जमवता येतात. आपल्या भारतीय न्याय संहितेतही, कलम ४१ मध्ये, सूर्यास्तानंतरच्या घरफोडीत बचाव करणाऱ्याला वेगळी सवलत आहे. पण कलम ३७ ची मर्यादा विसरू नका: गरजेपेक्षा जास्त इजा नाही.

मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मपंडित अक्विनासचं म्हणणं हेच: हेतू जीव वाचवण्याचा, बळ लागेल तेवढंच. त्याच्या आधीचा धर्मपंडित ऑगस्टीन मात्र स्वतःसाठी कुणाचा जीव घेण्याला राजी नव्हता, आणि मेनोनाइट हा अहिंसावादी ख्रिस्ती पंथ आजही नाही. या पंथाच्या लोकांना भित्रे म्हणणं मला अजिबात पटत नाही.

गिरगावच्या चाळीत मध्यरात्री कडी तुटली तर आरडाओरडा करा, ११२ लावा, धरून ठेवा. चोर पडल्यावर, हात बांधल्यावर मारलेली प्रत्येक लाथ सूड आहे. तिथे धर्मही पाठीशी नाही, कायदाही नाही.