एनएफएल: पडद्यावर दिसणाऱ्या चुकीवरही प्रशिक्षकाला दाद का मागता येत नाही?

न्यूजर्सीकर:
नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षे शेजाऱ्यांच्या संगतीने मी रविवारचे एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) सामने पाहू लागलो आहे आणि खेळ आता बऱ्यापैकी कळतो. मात्र एक गोष्ट पचनी पडत नाही. परवाच्या सामन्यात बचावपटूने प्रतिस्पर्ध्याची जर्सी मागून अशी धरली होती की खांद्यावरचा क्रमांक ताणून वाचता येईनासा झाला होता. टीव्हीवर ते दृश्य तीनदा दाखवले. पंचांनी मात्र नियमभंगाची खूण असलेला पिवळा रुमाल टाकलाच नाही, आणि समालोचक शांतपणे म्हणाले की यावर आव्हान देता येत नाही. डीआरएसवर वाढलेल्या माणसाने हे कसे समजून घ्यावे? कॅमेरे आहेत, पंच आहेत, वेळही आहे. मग अडते कुठे?

चौथा डाऊन:
आधी चौकट सांगतो. चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय १९८६ साली आली, १९९१ च्या हंगामानंतर बंद झाली आणि १९९९ मध्ये प्रशिक्षकांच्या आव्हानाच्या रूपात परतली. प्रशिक्षकाला सामन्यात दोन आव्हाने मिळतात. त्यांपैकी एक जरी यशस्वी झाले तरी तिसरे मिळते (२०२४ पूर्वी त्यासाठी दोन्ही यशस्वी व्हावी लागत). आव्हान फसले तर एक टाइमआउट (खेळ थांबवण्याची संघाची मोजकी संधी) जातो, आणि टाइमआउट शिल्लकच नसेल तर आव्हानासाठी टाकायचा लाल रुमाल खिशातच ठेवावा लागतो. प्रत्येक अर्धातल्या शेवटच्या दोन मिनिटांत प्रशिक्षकाचा अधिकार संपतो व तपासणीचा निर्णय वरच्या कक्षातील अधिकारी घेतात. गुण मिळालेला प्रत्येक डाव (चेंडू खेळात आल्यापासून शिटीपर्यंतचा खेळ) मात्र आपोआप तपासला जातो.

या नियमांचा काच किती असू शकतो, ते २०१२ च्या थँक्सगिव्हिंग सणाला डेट्रॉइटमध्ये दिसले. ह्यूस्टनच्या जस्टिन फॉर्सेटचा गुडघा जमिनीला टेकला होता, म्हणजे डाव तिथेच संपला होता, तरी शिटी वाजली नाही आणि तो ८१ यार्ड धावत टचडाऊन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) करून आला. तो डाव तसाही तपासला जाणारच होता, परंतु डेट्रॉइट लायन्सचे प्रशिक्षक जिम श्वार्ट्झ यांनी संतापाच्या भरात लाल रुमाल फेकला, आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे त्या एका कृतीने तपासणीच रद्द झाली. वर दंड झाला तो वेगळाच. पुढच्या वर्षी नियम बदलला, पण लायन्सना त्याचा काय उपयोग?

लाल रुमाल:
वरील माहिती बरोबर आहे, तथापि मूळ प्रश्न किती आव्हाने हा नसून कशावर आव्हान, हा आहे. चेंडू रेषेपार गेला का, पाय बाहेर पडला का, गुडघा टेकला का, या प्रश्नांची उत्तरे कॅमेरा देऊ शकतो. धरपकड किती झाली म्हणजे ती गुन्हा ठरते, हे तो सांगू शकत नाही. आणि ज्या खेळात जवळपास प्रत्येक डावात कोणी ना कोणी कोणाला तरी धरलेले असते, तिथे जर्सी तपासायची मुभा दिली तर सामना संपायला सोमवार उजाडेल.

एनएफएलने हे करूनही पाहिले आहे. २० जानेवारी २०१९ रोजी न्यू ऑर्लीन्समध्ये सेंट्स आणि रॅम्स २०-२० अशा बरोबरीत असताना, रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमनने चेंडू येण्याआधीच टॉमीली लुईसला धडक देऊन पाडले. पिवळा रुमाल पडला नाही. सेंट्सना फील्ड गोलवर (लाथेने मारलेल्या तीन गुणांच्या गोलवर) समाधान मानावे लागले, रॅम्सनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत ५७ यार्डांवरून गोल मारून २६-२३ असा सामना व सुपर बोलचे (अंतिम सामन्याचे) तिकीट दोन्ही नेले. गदारोळ इतका झाला की संघमालकांनी ३१ विरुद्ध १ मतांनी पास इंटरफिअरन्सही (चेंडू येण्याआधीच झेलणाऱ्याला अडवण्याचा गुन्हा) तपासणीखाली आणला. एकाच हंगामासाठी. नोव्हेंबरमध्ये ह्यूस्टनच्या डिआंड्रे हॉपकिन्सला बाल्टिमोरच्या बचावपटूने एंड झोनजवळ (टचडाऊनच्या पट्ट्याजवळ) अक्षरशः मिठी मारली, प्रशिक्षकांनी आव्हान दिले, तरी गुन्हा नसल्याचा पंचांचा निर्णय कायम राहिला. ‘स्पष्ट आणि उघड’ पुरावा हवा, हा रेषेसाठी घडवलेला निकष बळाच्या मोजमापाला लावल्यावर दुसरे काय होणार होते? २०२० मध्ये त्यांनी तो नियम पुढे चालवला नाही.

न्यूजर्सीकर:
लुईसच्या प्रसंगात बळ मोजायची गरजच कुठे होती? चेंडू आला नव्हता, हे तर वेळेचे मोजमाप झाले. शिवाय २०२३ च्या मार्चमध्ये मुंबई-नवी मुंबईत झालेल्या महिला प्रीमियर लीगपासून वाइड आणि नो-बॉलवरही दाद मागता येते. तिथेही उंची नि अंतर बऱ्याचदा पंचाच्या अंदाजाचेच असते, पण म्हणून सामने रेंगाळले नाहीत.

लाल रुमाल:
वाइडचा मुद्दा मान्य, कारण तिथे रेषा आखलेली आहे. लुईसबद्दल एक बारकावा मात्र लक्षात घ्या: तो डाव सुरू झाला तेव्हा घड्याळात दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला होता. म्हणजे नियम आधीपासून असता, तरी सेंट्सच्या प्रशिक्षकांना लाल रुमाल टाकताच आला नसता.

चौथा डाऊन:
आणि आता दार थोडे किलकिले झाले आहे. २०२५ पासून हेल्मेटची जाळी ओढणे, पाय घालून पाडणे अशा काही गुन्ह्यांत पडलेला पिवळा रुमाल चित्रफितीच्या मदतीने मागे घेता येतो. न पडलेला रुमाल मात्र अजूनही टाकता येत नाही, त्यामुळे आपल्या त्या ताणलेल्या जर्सीला पुढच्या रविवारीही न्याय मिळणार नाही.